पट्टा, साखळी, गिअर की थेट जोड? एका चाकाची फिरकी दुसऱ्या चाकाला कशी द्यायची

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावातून एक चक्कर मारा. गोठ्यात कडबाकुट्टी चालू असते, चौकात पिठाची गिरणी असते, बसस्टँडबाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत असतात आणि शेतात ट्रॅक्टरला जोडलेलं मळणीयंत्र धुरळा उडवत असतं. ही चारही यंत्रं आतून एकच काम करतात. एक चाक फिरतं, त्याची फिरकी दुसऱ्या चाकाला मिळते आणि वाटेत वेग व जोर बदलतो.

हे काम कुठे रबरी पट्टा करतो, कुठे साखळी, कुठे दात्यांची चाकं, तर कुठे नुसता एक दांडा. निवड चुकली की पट्टा महिन्याला तुटतो, मोटार जळते, दाते झडतात. कधीकधी माणसाची बोटंही जातात. म्हणून कुठे काय बसवायचं आणि का, हे नीट समजून घेऊ.

आधी गणित : वेग कमी, जोर जास्त

आपल्याकडच्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ आहे. त्यामुळे शेतीतली नेहमीची चार-पोल मोटार मिनिटाला साधारण 1440 फेरे घेते. एवढ्या वेगाने थेट चालणारी यंत्रं थोडीच असतात. पाण्याचा पंप चालतो, पण उसाचा रस काढणारे रूळ त्या वेगाने फिरले तर ऊस आत जाण्याऐवजी बाहेर फेकला जाईल.

वेग कमी करायचा नियम सोपा आहे. लहान चाकाने मोठं चाक फिरवलं की मोठं चाक हळू फिरतं. मोटारीवर 4 इंची पुली आणि यंत्रावर 16 इंची पुली असेल, तर गुणोत्तर 1:4. मोटारीचे 1440 फेरे यंत्राच्या दांड्यावर 360 होतात. दात्यांच्या चाकात इंचांऐवजी दाते मोजायचे. 15 दात्यांच्या चाकाने 60 दात्यांचं चाक फिरवलं तरी गुणोत्तर तेच, 1:4.

वेग चौपट कमी झाला की पिळण्याचा जोर जवळपास चौपट वाढतो. 3 अश्वशक्तीची मोटार 1440 फेऱ्यांवर साधारण 15 न्यूटन-मीटर जोर देते. 360 फेऱ्यांवर तोच जोर 59 च्या घरात जातो, त्यातून घर्षणाची घट वजा करायची. पुली बदलून शक्ती मात्र वाढत नाही. वेग देऊन जोर घ्यायचा किंवा जोर देऊन वेग घ्यायचा, एवढाच हा व्यवहार आहे. "मोठी पुली टाकली की मोटार जास्त ओढते" असं म्हणतात, तेव्हा ती जास्त जोराने पण हळू ओढत असते.

पट्टा : स्वस्त, गुपचूप चालणारा आणि थोडा घसरणारा

पट्टा घर्षणावर चालतो. दोन चाकांमध्ये अंतर असेल, वेग जास्त असेल आणि किंचित घसरण चालणार असेल, तर पहिला विचार पट्ट्याचा करावा.

जुना प्रकार सपाट पट्ट्याचा. वाफेच्या काळात गिरण्या-कारखान्यांत एकच लांब दांडा छताखालून जायचा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला वेगळा पट्टा उतरायचा. आजही अनेक पिठाच्या गिरण्यांत सपाट पट्टा दिसतो. त्याची एक सोय अशी, की तो आठच्या आकड्यासारखा तिरपा टाकला तर दुसरं चाक उलट दिशेने फिरतं.

आता जास्त वापर व्ही-पट्ट्याचा होतो. याचा छेद पाचरीसारखा असतो आणि तो पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी घट्ट बसतो. या पाचरीमुळे तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या साधारण तिप्पट पकड मिळते. व्ही-पट्टा खाचेच्या बाजूंवर चालला पाहिजे, तळाला टेकता कामा नये. तो तळाला टेकत असेल तर पट्टा तरी झिजलाय किंवा पुलीची खाच तरी.

दुकानात पट्टा मागताना अक्षर आणि आकडा सांगावा लागतो. अक्षर म्हणजे जाडी-रुंदी. ए पट्टा वरून 13 मिलिमीटर रुंद आणि 8 मिलिमीटर जाड असतो, बी पट्टा 17 बाय 11, तर सी पट्टा 22 बाय 14. पुढचा आकडा म्हणजे आतल्या बाजूची लांबी, इंचांत. बी-60 म्हणजे बी जाडीचा, आतून 60 इंचांचा पट्टा. ए च्या खाचेत बी बसवायचा किंवा बी च्या खाचेत ए ढकलायचा प्रयत्न करू नका. पट्टाही जातो, पुलीही जाते.

लहान पुलीला पट्टा किती वेढतो, हेही महत्त्वाचं. 4 आणि 16 इंची पुल्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत 24 इंच अंतर असेल, तर पट्टा लहान पुलीला सुमारे 151 अंश वेढतो. ते चांगलं आहे. जागा वाचवायला मोटार जवळ सरकवली की वेढा कमी होतो आणि पट्टा घसरायला लागतो. म्हणून मोटार पुढे-मागे सरकेल अशा लांबट भोकांच्या पट्टीवर बसवतात. ताण देणं सोपं जातं आणि नवीन पट्टा जोर न लावता चढवता येतो.

चांगला ताणलेला पट्टा साधारण एक ते तीन टक्के घसरतो. चक्कीला, पंख्याला, कुट्टीला त्याने काही फरक पडत नाही. उलट यंत्रात लाकूड किंवा दगड अडकला तर पट्टा घसरून मोटारीला धक्क्यातून वाचवतो. पण हा बचाव काही क्षणांचाच असतो. मोटार तशीच चालू ठेवली तर जळक्या रबराचा वास येईपर्यंत पट्टा संपलेला असतो.

साखळी : घसरत नाही, पण तेल मागते

साखळीचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे सायकल. पुढच्या चक्राला 44 आणि मागच्याला 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळपास अडीच फेरे घेतं. इथे वेग वाढवायचा आणि जोर सोडायचा, म्हणून मोठं चक्र पुढे. आज सगळीकडे दिसणारी, फिरत्या रोलरची साखळी मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी 1880 साली आणली.

साखळी घसरत नाही. दोन चाकांचं गुणोत्तर कायम राहतं आणि मधलं अंतर हवं तेवढं ठेवता येतं. जोर जास्त, वेग मध्यम आणि अंतर एक-दोन हात, तिथे साखळीला तोड नाही. पेरणीयंत्रात जमिनीवर फिरणाऱ्या चाकापासून बी टाकणाऱ्या दांड्यापर्यंत बहुतेक वेळा साखळीच असते. तिथे पट्टा घसरला तर ओळीत रिकाम्या जागा पडतील आणि ते उगवल्यावरच कळेल.

साखळीचा शत्रू म्हणजे धूळ. उघड्या साखळीवर तेल आणि माती एकत्र झाली की ती पॉलिशपेपरसारखी पिना घासते. पिना झिजल्या की साखळी लांबते. दोन-तीन टक्के लांबली की ती दात्यांच्या टोकावर चढायला लागते, मग बदलावीच लागते. फक्त साखळी नवीन आणि चक्रं जुनी ठेवली तर जुने दाते नव्या साखळीला लवकर खातात.

लहान चक्राला शक्यतो 17 पेक्षा कमी दाते नसावेत. दाते कमी असले की साखळी गोल न फिरता कोपऱ्याकोपऱ्याने फिरते, त्यामुळे हिसके आणि आवाज वाढतो.

दात्यांची चाकं : जवळ, जोरदार, अचूक

दोन दांडे अगदी जवळ असतील आणि एकाच्या फेऱ्याशी दुसऱ्याचा फेरा पक्का बांधायचा असेल, तर गिअर. यातलं तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. बैलाच्या चरकात उभ्या रुळांच्या डोक्यावर दाते असायचे. बैल मधला रूळ फिरवायचा आणि बाजूचे रूळ त्या दात्यांमुळे उलट दिशेने फिरून ऊस आत ओढायचे. रहाटात तर दोन दातेरी चाकं काटकोनात असायची. बैल जमिनीवर गोल फिरे आणि पाण्याची गाडगी असलेलं चाक विहिरीवर उभं फिरे.

लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. एकमेकांना लागलेली दोन चाकं उलट दिशेने फिरतात. त्यांच्या मध्ये तिसरं चाक घातलं तर पहिलं आणि शेवटचं एकाच दिशेने फिरतात, पण गुणोत्तर बदलत नाही. मधल्या चाकाला कितीही दाते असोत, ते फक्त निरोप पोचवतं.

चांगल्या घडणीच्या, तेलात बुडालेल्या गिअरच्या एका जोडीत शक्तीची घट एक-दोन टक्केच होते. उघड्या, ओतीव लोखंडी गिअरमध्ये ती जास्त असते. अडचण एवढीच, की गिअरला चूक चालत नाही. दांड्यांमधलं अंतर थोडं वाढलं तर दाते टोकावर लागतात आणि झडतात. अंतर कमी झालं तर दाते एकमेकांत रुततात. बेअरिंग झिजून दांडा हलायला लागला की पहिला फटका गिअरला बसतो.

दिशा काटकोनात वळवायची असेल तर शंकूच्या आकाराचे बेव्हल गिअर लागतात. खूप मोठी घट एकाच टप्प्यात हवी असेल तर वर्म गिअर असतो. त्यात एक स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो. एका धाग्याचा स्क्रू आणि 40 दात्यांचं चाक असेल, तर थेट 1:40. बऱ्याच वर्म गिअरमध्ये चाकाकडून स्क्रू उलटा फिरत नाही, म्हणून वजन उचलणाऱ्या यंत्रात ते सोयीचे पडतात, अर्थात ब्रेक वेगळा लागतोच. पण त्यात घासणं जास्त, त्यामुळे उष्णता आणि घटही जास्त.

थेट जोड : मध्ये काहीच नको

दोन्ही यंत्रांचा वेग जुळत असेल तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे दांड्याला दांडा जोडणं. परळीच्या औष्णिक वीजकेंद्रात वाफेचा टर्बाइन आणि जनित्र एकाच रेषेत जोडलेले असतात आणि मिनिटाला 3000 फेरे घेतात. 50 हर्ट्झची वीज बनवायला दोन-पोल जनित्राला नेमके एवढेच फेरे लागतात आणि वाफेच्या टर्बाइनला तो वेग मानवतो. त्यामुळे मध्ये ना पट्टा, ना गिअर.

त्याच जिल्ह्यात बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांची पाती मिनिटाला दहा-वीस फेरेच घेतात, तर नेहमीच्या जनित्राला हजार-दीड हजारांच्या घरात फेरे लागतात. म्हणून बहुतेक पवनचक्क्यांच्या डोक्यावर वेग शंभरपटीच्या आसपास वाढवणारी गिअरपेटी असते. काही पवनचक्क्या गिअर टाळून हळू फिरणारं, मोठ्या व्यासाचं जनित्र वापरतात. काम दोन्हीकडे वीज बनवण्याचंच आहे, पण फिरवणाऱ्याचा वेग वेगळा, म्हणून उत्तर वेगळं.

थेट जोडीत दोन्ही दांडे एका रेषेत असायला हवेत. थोडाफार फरक रबरी कपलिंग सांभाळून घेतं. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र यांच्यासारखा कोन पडत असेल, तर सांधे असलेला दांडा लागतो.

एक हिशोब : रसवंती

समजा मोटार दीड अश्वशक्तीची, 1440 फेऱ्यांची आहे आणि रूळ मिनिटाला 20 फेरे फिरायला हवेत. घट हवी 72 पट. हे एकाच पट्ट्याने करायचं ठरवलं, तर मोटारीवरच्या 3 इंची पुलीसाठी रुळावर 216 इंची, म्हणजे 18 फुटी पुली लागेल!

म्हणून टप्पे पाडायचे. पहिला टप्पा पट्ट्याचा : 3 इंचावरून 18 इंच, म्हणजे 1440 चे 240. दुसरा गिअरचा, 1:3 : 240 चे 80. तिसराही गिअरचा, 1:4 : 80 चे 20. सहा गुणिले तीन गुणिले चार, झाले 72.

आता पट्टा आधी आणि गिअर नंतर, हा क्रम का? मोटारीपाशी वेग जास्त आणि ओढ कमी असते. 3 इंची पुलीवर पट्ट्याला साधारण 20 किलो वजनाएवढी ओढ पेलावी लागते. प्रत्येक टप्प्याला पाच टक्के घट धरली तर शेवटच्या दांड्यावर जोर साडेचारशे न्यूटन-मीटरच्या पुढे गेलेला असतो. तिथे तीच 18 इंची पुली आणि पट्टा लावला, तर ओढ 200 किलोच्या घरात जाईल. एकटा साधा पट्टा तिथे घसरेल. दाते मात्र ती ओढ घेतात.

नियम असा निघतो : वेगाच्या टोकाला पट्टा, जोराच्या टोकाला दाते. साखळी या दोन्हींच्या मध्ये बसते.

कडबाकुट्टीत दोन्ही का असतात?

कुट्टीत मोटारीपासून पात्यांच्या जड चाकापर्यंत पट्टा असतो, पण पात्यांचं चाक आणि वैरण आत ओढणारे रूळ यांच्यामध्ये गिअर असतात.

कारण तुकड्याची लांबी. पात्यांच्या एका फेऱ्यात रूळ वैरण 4 सेंटिमीटर पुढे ढकलत असतील आणि चाकावर दोन पाती असतील, तर तुकडा 2 सेंटिमीटरचा पडतो. मोटारीकडचा पट्टा घसरला तर पाती आणि रूळ दोन्ही सारखेच मंदावतात, तुकडा 2 सेंटिमीटरचाच राहतो. पाती आणि रूळ यांच्यात घसरण झाली, तर मात्र एक तुकडा बोटभर आणि एक वीतभर होईल. म्हणून घसरण जिथे चालते तिथे पट्टा आणि जिथे चालत नाही तिथे दाते. अनेक कुट्ट्यांत गिअर बदलून तुकडा लहान-मोठा करता येतो, तो याच हिशोबावर.

निवड करताना हे प्रश्न, याच क्रमाने

1. दोन्हींचा वेग सारखाच आहे का? असेल आणि दांडे एका रेषेत आणता येत असतील, तर थेट जोड.
2. घसरण चालेल का? चालत नसेल तर साधा पट्टा बाद. साखळी, गिअर किंवा आतून दाते असलेला टायमिंग पट्टा.
3. अंतर किती? अगदी जवळ असेल तर गिअर. हातभर किंवा जास्त असेल तर पट्टा किंवा साखळी.
4. वेग किती, ओढ किती? वेग जास्त, ओढ कमी असेल तर पट्टा. वेग कमी, ओढ जास्त असेल तर साखळी किंवा गिअर.
5. दांडे समांतर आहेत की काटकोनात? काटकोनात असतील तर बेव्हल किंवा वर्म.
6. धक्के बसतात का? बसत असतील तर कुठेतरी पट्टा किंवा रबरी कपलिंग ठेवा.
7. धूळ, पाणी, तेल कितपत? धुळीत उघडी साखळी लवकर झिजते. तेल उडत असेल तर पट्टा घसरतो. गिअर बंद पेटीत ठेवलेले बरे.
8. गावात दुरुस्त होईल का? बी-60 पट्टा तालुक्याच्या दुकानात मिळतो. खास दात्यांचा गिअर ओतून-कापून आणायला हंगाम निघून जाऊ शकतो.

शेवटचा प्रश्न पुस्तकात क्वचित असतो, पण मळणी तोंडावर आली की तोच सर्वांत मोठा ठरतो.

नेहमीच्या चुका

- दोन पुल्या एका रेषेत नसणं. एक सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी दोन्ही पुल्यांच्या कडेला लावून बघा. फट दिसली तर पट्टा एका बाजूने झिजणार.
- ताण अति देणं. पट्टा घसरतो म्हणून तो तारेसारखा ताणला, की बेअरिंग जातं. आधी तेल, झीज आणि रेष तपासा.
- अनेक पट्ट्यांतला एकच बदलणं. तीन पट्टे असतील तर तिन्ही एकदम बदला. नाहीतर नवा आखूड पट्टा एकटाच सगळी ओढ घेतो.
- वेग वाढवायला मोटारीची पुली मोठी करणं. यंत्राचं जड चाक ठरलेल्या वेगासाठी बनवलेलं असतं. वेग दुप्पट झाला की चाक फाडू पाहणारा ताण चौपट होतो.

जाळी हा यंत्राचाच भाग

फिरणारी दोन अंगं जिथे भेटतात, म्हणजे पट्टा पुलीवर चढतो, साखळी चक्रावर बसते, दोन गिअरचे दाते लागतात, त्या जागी बोट, पदर, ओढणी, मफलर ओढला जातो. ट्रॅक्टरचा मागचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. साडेसात सेंटिमीटर जाडीचा दांडा एका सेकंदात दोन मीटरहून जास्त कापड गुंडाळतो. हात मागे घ्यायला तेवढा वेळ पुरत नाही.

कारखाने अधिनियम, 1948 ने कारखान्यातल्या फिरत्या भागांना संरक्षक आडोसा बंधनकारक केला होता. मळणीयंत्रांवरच्या अपघातांमुळे धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, 1983 आला. पण गोठ्यातल्या कुट्टीजवळ कोणी तपासनीस येत नाही. तिथे जाळी बसवायची की काढून कोपऱ्यात टाकायची, हे घरातलेच ठरवतात.

म्हणून पट्टा, साखळी किंवा गिअर निवडताना त्यावर झाकण बसेल एवढी जागा आधीच सोडा. पट्टा बदलायला जाळी काढावी लागते, म्हणून ती चार बोल्टांऐवजी बिजागरीवर ठेवली तर काम झाल्यावर परत लावली जाते. कुट्टीचं जड चाक मोटार बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहतं, तेव्हा अडकलेली वैरण काढायला हात घालण्याआधी बटण बंद करा, चाक पूर्ण थांबू द्या आणि घरात कोणी चुकून बटण दाबू नये म्हणून प्लगही काढून ठेवा.